बाईकडे आधार आहे, सोसायटी म्हणते बांगलादेशी : घरमालकाने काय करावं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. कामोठ्याला त्यांच्याकडे दोन वर्षांपासून एक बाई धुणीभांडी करते. स्वतःला मालदा जिल्ह्यातली सांगते. ताईंच्या सासूबाईंची पनवेलला एक जुनी खोली आहे, ती त्यांनी या बाईला आणि तिच्या नवऱ्याला भाड्याने दिली आहे. करार नाही, पोलिसांत कळवलेलं नाही. आता सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलंय की बाई बांगलादेशी आहे, चार दिवसांत काढून टाका, नाहीतर सगळ्यांवर केस होईल. ताई विचारतात, तिच्याकडे आधार आहे, पॅन आहे, मग ती भारतीयच ना? आणि नसेल तर ओळखायचं कसं?

मी १९९६ साली फौजदार म्हणून पोलीस खात्यात लागलो, २०२४ मध्ये वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली जवळपास नऊ वर्षं विशेष शाखेत आणि दहशतवादविरोधी कक्षात गेली, आणि तिथलं निम्मं काम हेच असायचं : पकडून आणलेला माणूस कुठला आहे ते ठरवायचं. मी वकील नाही, तेव्हा गोष्ट कोर्टात जाणार असेल तर वकील गाठा. त्या बाईला मी पाहिलेलं नाही, तिचे कागदही नाहीत. त्यामुळे ती कोण आहे हे इथून सांगणार नाही. फोटो बघून जो कोणी सांगेल त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

आधी तुमच्या मानेवर काय आहे ते बघू. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत घर भाड्याने दिलं की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या, असे आदेश वेळोवेळी निघत असतात. आदेश मोडला तर पूर्वी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) १८८ कलम लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २२३ लागतं. ही केस बांगलादेशी ठेवल्याची नसते, माहिती न दिल्याची असते. भाडेकरू सांगलीचा असला तरी होते. भाडेकरू परदेशी आहे हे तुम्हाला माहीत असेल तर २४ तासांत कळवण्याचं बंधन वेगळं. शिवाय लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तोही तुम्ही केलेला नाही. म्हणजे ‘सगळ्यांवर केस होईल’ हे सेक्रेटरींचं वाक्य पोकळ असलं, तरी तुमच्यापुरतं त्यात थोडं तथ्य आहे. जाणूनबुजून आसरा देणं, खोटे कागद करून देणं हा मात्र फार मोठा गुन्हा आहे, आणि तुमच्या प्रश्नावरून तरी तुम्ही त्यातल्या वाटत नाही.

आता आधार. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. हे माझं मत नव्हे, आधारच्या २०१६ च्या कायद्याच्या नवव्या कलमात तसं सरळ लिहिलंय. गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्याला आधार मिळू शकतं, परदेशी माणसालाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाणे शहरातल्या एका जामीन प्रकरणात हेच सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र आहे एवढ्यावरून माणूस भारताचा नागरिक होत नाही. पण याची दुसरी बाजू ग्रुपवर कुणी सांगत नाही. आधार असल्याने ती भारतीय ठरत नाही, तशी एवढ्यावरून परकीही ठरत नाही. तुमच्यामाझ्याकडे तरी नागरिकत्वाचा असा एक कागद कुठे आहे? जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे कागद अशी साखळी जुळवूनच आपण भारतीय आहोत. फक्त ती जुळवून दाखव म्हणून आपल्याला कुणी रात्री उठवलेलं नाही.

म्हणून आमच्या कामात मी पोरांना एकच सांगायचो, पहिला कागद शोधा. पॅन आधारवर निघालं, बँक खातं पॅनवर, सिमकार्ड पुन्हा आधारवर. हे सगळे एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. त्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं कोणतं? ते खरं असेल तर वरचं सगळं खरं.

एक उदाहरण सांगतो, तपशील थोडे बदलून. भंगाराचा धंदा करणारा माणूस होता, चांगला स्थिरावलेला. आधार, पॅन, मतदार कार्ड, पासपोर्टसुद्धा. एकही बनावट नव्हतं, सगळे त्या त्या कार्यालयाने रीतसर दिलेले. उलटं चालत गेलो. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला होता. शाळा उत्तर चोवीस परगण्यात, खरोखर असलेली. दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांकही खरा होता, पण त्या क्रमांकावर शाळेच्या दप्तरात एका मुलीचं नाव निघालं. दाखला साडेचार हजारांना घेतला होता. मग त्याने स्वतःच गाव सांगितलं, सीमेपलीकडचं. त्या माणसाला परत पाठवलं गेलं. दाखला विकणारा मात्र आम्हाला मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला शोधायला आम्हाला कुणी पाठवलंही नाही. त्याने त्या वर्षी अजून किती दाखले विकले असतील ते तुम्हीच बघा.

महाराष्ट्रातही पहिल्या कागदाचा बाजार आहे. जन्माची नोंद वर्षभरात झाली नाही तर उशिराची नोंद करायला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने ते काम महसूल अधिकाऱ्यांकडे आलं. बांगलादेशींना असे दाखले मिळतात अशा मालेगाव आणि इतर ठिकाणच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने असे उशिराचे दाखले देणं थांबवलं आणि विशेष तपास पथक नेमलं. त्या तक्रारींत राजकारण किती होतं हा वेगळा विषय. पण बोट बरोबर ठिकाणी ठेवलं गेलं होतं, एवढं मी म्हणेन. फक्त त्याचा फटका ज्यांची आजी घरी बाळंत झाली आणि कुणी नोंद केली नाही अशा आदिवासी आणि भटक्या कुटुंबांनाही बसतो, हे विसरून चालत नाही.

आता ‘ओळखायचं कसं’. तुमच्या ग्रुपवर फिरत असतील अशा बहुतेक युक्त्या मी स्वतः वापरून पाहिल्यात. त्यांतल्या बऱ्याचशा कुचकामी आहेत.

सगळ्यात लाडकी युक्ती पाण्याची. समोर ग्लास ठेवायचा आणि विचारायचं, याला काय म्हणतोस? ‘जल’ म्हणाला, म्हणजे त्यांच्या उच्चारात ‘जोल’, तर आपला. ‘पानी’ म्हणाला तर बांगलादेशी. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला हेच शिकवलं होतं. पुढे कळलं की पश्चिम बंगालचे मुसलमानही पानीच म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या. या चाचणीने माणसाचा धर्म कळतो, देश कळत नाही. आणि धर्म तर त्याचं नाव विचारल्यावरच कळला होता.

बोलीचंही तसंच. मालदा, मुर्शिदाबाद, नदिया हे जिल्हे सीमेला चिकटून आहेत, आणि पलीकडे राजशाही, कुष्टिया. दोन्हीकडच्या बोलीतला फरक शोधायला भाषेचा प्राध्यापक लागेल, नालासोपाऱ्याचा हवालदार पुरणार नाही. १९४७ मध्ये मुर्शिदाबाद पहिले तीन दिवस पाकिस्तानात धरला गेला होता. १७ ऑगस्टला फाळणीची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला तेव्हा तो भारतात आला आणि खुलना तिकडे गेला. रेघ अशी ओढलेली असताना उच्चारावरून देश ठरवायचा म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला निपाणीचा म्हणून पकडण्यासारखं आहे.

नावांचा घोळ तर विचारूच नका. ही गोष्ट तुमच्या बाईला थेट लागू पडू शकते, म्हणून जरा सविस्तर. त्या भागातल्या मुसलमान बाईचं नाव लग्नाआधी समजा ‘सकिना खातून’ असतं. लग्न झालं की ‘सकिना बीबी’. नवरा वारला की ‘सकिना बेवा’. शाळेच्या कागदावर पहिलं, रेशन कार्डावर दुसरं, आणि विधवा पेन्शनच्या अर्जावर तिसरं. आपल्याकडे टेबलावर तीन कागद ठेवले की नव्या तपासी अंमलदाराचे डोळे चमकतात : तीन नावं, म्हणजे बनावट! अहो, आपल्या आईची माहेरची आणि सासरची नावं काढा की एकदा.

आणि पत्ता. मालदा म्हटलं की मला आधी गंगा आठवते. १९७५ ला फराक्का धरण सुरू झाल्यापासून नदीने पात्र बदलत मालदा आणि मुर्शिदाबादकडचे काठ खाल्लेत, माणिकचक, कालियाचक भागातली गावंच्या गावं गेली. माणूस सांगतो अमुक गाव, आम्ही तिथल्या ठाण्याला विचारतो, उत्तर येतं, या नावाचं गाव अस्तित्वात नाही. कागदोपत्री खोटारडा ठरला. प्रत्यक्षात त्याचं घर, शाळा, शाळेचं दप्तर सगळं पाण्यात गेलेलं असतं, आणि म्हणूनच तर तो मुंबईला स्लॅब भरायला आलेला असतो.

मग आम्ही काय बघायचो? एकट्यादुकट्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, पण काही गोष्टी उपयोगी पडतात. फोनमध्ये ८८० ने, म्हणजे बांगलादेशच्या कोडने, सुरू होणारे नंबर आणि आयएमओ ॲपवरचे रोजचे कॉल हा धागा असतो, पुरावा नव्हे, कारण सीमाभागातल्या निम्म्या घरांचे सोयरे पलीकडे आहेत. मी गप्पा मारायचो. तुमच्या गावात भांडण झालं तर कुणाकडे जाता? भारतातला माणूस पंचायतीच्या प्रधानाचं नाव घेतो, पलीकडचा बोलता बोलता चेअरमन आणि युनियन म्हणून जातो. तालुक्याला इकडे ब्लॉक, तिकडे उपजिला. कुणी पढवून पाठवलं असेल तर पाठ केलेलं दहा मिनिटं टिकतं, तासभर नाही. त्यानंतर कागद : वडिलांच्या किंवा आजोबांच्या जमिनीचं खतियान, म्हणजे आपल्या सात-बारासारखा उतारा, २००२ च्या मतदार यादीतलं घरातल्या कुणाचं नाव, आणि तिकडे जन्मतारखेचा सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे माध्यमिक परीक्षेचं ॲडमिट कार्ड. शिकलेला नसेल तर अर्थात तेही नाही. शेवटी जिल्ह्याच्या पोलिसांकडून गावात प्रत्यक्ष जाऊन चौकशी. याला वेळ लागतो. पंधरा दिवसांत झालेली पडताळणीही मी पाहिली आहे आणि आठ महिने लागलेलीही.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो. २००९ च्या सुमाराला एका जरीकाम करणाऱ्या मुलाची फाईल मी तयार केली. वय बावीस-तेवीस. गाव सांगताना अडखळला, वडिलांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने होतं, आणि मुर्शिदाबादहून उत्तर येत नव्हतं. आठवडाभर वाट पाहिली आणि ‘बांगलादेशी असल्याची खात्री झाली’ असं लिहून टाकलं. खात्री कसली, कंटाळा होता तो. चार महिन्यांनी त्याचा थोरला भाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत आजोबांचं खतियान घेऊन कोर्टात उभा राहिला. पोरगं सुटलं. अडखळत होता कारण तोतरा होता. मराठी-हिंदीत विचारत होतो म्हणून मला ते कळलंच नाही.

कायद्याचं एक वैशिष्ट्य इथे कळायला हवं. एरवी गुन्हा सरकारने शाबीत करायचा असतो. परदेशी नागरिकांच्या १९४६ च्या कायद्यात मात्र उलट होतं : मी परदेशी नाही हे त्या माणसाने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन आप्रवास आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा २०२५ चा कायदा लागू झाला, त्यातही हा भार त्याच्याच डोक्यावर आहे. कागदांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरल्यास दोन ते सात वर्षं. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका प्रकरणात या भाराला लगाम घातला. सरकारकडे आधी काहीतरी ठोस हवं, मगच समोरच्याला ‘सिद्ध कर’ म्हणता येईल. उगाच कुणाचंही दार ठोठावून संशय आहे म्हणता येणार नाही, आणि नावातल्या-तारखेतल्या किरकोळ फरकावरून परदेशी ठरवता येणार नाही. न्यायालयाने त्या माणसाला भारतीय ठरवलं तेव्हा तो वारून अडीच वर्षं झाली होती.

घाईचा परिणाम अलीकडचाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवर हल्ला झाला, पकडलेला संशयित बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि मुंबई-ठाण्यात शोधमोहिमांनी जोर धरला. मे महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने पडताळणीला ३० दिवसांची मुदत घातली. जूनमध्ये इथून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्याने कागद पुढे केल्यावर सीमा सुरक्षा दलाला पलीकडच्या दलाशी बोलणी करून त्यांना परत आणावं लागलं. मुदत घालणं चूक नाही. पूर्वी शिक्षा भोगून झालेली माणसंसुद्धा पलीकडचा देश ‘हो, आमचाच’ म्हणेपर्यंत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं अडकून पडायची. पण तीस दिवसांत मालदाच्या ठाण्यातून उत्तर आलं नाही तर त्याची शिक्षा गवंड्याला, हे गणित मला पटत नाही.

१९९८ मध्येही असंच झालं होतं. मुंबईहून ‘बांगलादेशी’ म्हणून कुर्ला-हावडा गाडीने पाठवलेल्या लोकांना उलुबेरिया स्टेशनवर जमावाने पोलिसांच्या ताब्यातून सोडवून नेलं. मी तेव्हा नवा फौजदार. आमच्या ठाण्यात सगळे चवताळले होते. एक जुने जमादार मात्र शांतपणे म्हणाले, आता त्यांच्यातले खरे कोण आणि खोटे कोण ते कुणालाच कधी कळणार नाही. झालंही तसंच.

मुलांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्या बाईला मुलं असतील तर प्रश्न येणारच. आपल्याकडे जन्माने नागरिकत्व तारखेप्रमाणे बदलतं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला साधारणपणे नागरिक, आईवडील कुठलेही असोत. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत आईबापांपैकी एक भारतीय असला तरी पुरे. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे मात्र एक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसला पाहिजे. मला एक मुलगी आठवते, महापालिकेच्या मराठी शाळेत नववीत. आईला आणलं होतं, तिला फक्त बांगला यायचं, आणि दुभाषी आमच्याकडे नव्हता. मुलगीच आईचा जबाब आम्हाला मराठीत सांगत होती, ‘आई म्हणते की’ असं प्रत्येक वाक्याआधी लावून. मधेच तिने विचारलं, ‘सर, घटक चाचणी सोमवारी आहे, तोवर होईल ना?’ कायद्याप्रमाणे तीही परदेशीच होती. ज्या देशात तिला पाठवायचं तो तिने कधी पाहिला नव्हता.

धर्माचा मुद्दा निघेलच. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीप्रमाणे बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती बेकायदा स्थलांतरित धरले जात नाहीत. तुमची बाई कुठल्या समाजाची आहे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ही पुस्ती जोडतो.

धोरणाबद्दल माझं मत विचाराल तर आधी आकड्यांचा नाद सोडा. २००४ मध्ये राज्यसभेत सरकारने देशात सव्वा कोटीच्या आसपास बेकायदा बांगलादेशी असल्याचं सांगितलं आणि लगेच तो आकडा ऐकीव असल्याचं म्हणत मागे घेतला. २०१६ मध्ये दोन कोटी सांगितले. चोरून आलेला माणूस शिरगणतीत स्वतःहून हात वर करत नाही, त्यामुळे कुणाकडेच खरा आकडा नाही. आसामने प्रत्येकाचे कागद तपासले, ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) अंतिम यादीबाहेर १९,०६,६५७ माणसं राहिली, आणि त्या यादीवर ती मागणारेही खूष नव्हते.

बांगलादेशची सीमा ४,०९६ किलोमीटरची, त्यातली २,२१६ एकट्या पश्चिम बंगालला. बराच भाग कुंपणाखाली आलाय, उरला तो मुख्यतः नद्या, चर (नदीतली गाळाची बेटं) आणि जमीन न मिळालेला पट्टा. ते काम चालू राहायलाच हवं, त्याबद्दल मला शंका नाही. कोण आत येतो हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि स्वस्तात राबणारा बेकायदा मजूर सगळ्यात आधी इथल्याच नाका कामगाराची मजुरी पाडतो. पण अठ्ठावीस वर्षांत मी शेकडो मजूर पकडलेले पाहिले आणि त्यांना कामाला ठेवणारा मुकादम आरोपी झालेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. मुकादमाला सगळं माहीत असतं. पोलिसांची भीती दाखवून तो आठशेची हजेरी पाचशेवर आणतो. सीमेवरचा दलाल, दाखला विकणारा, आणि हा मुकादम, हे तिघे जागेवर असेपर्यंत मोहिमा कितीही काढा, रिकामी झालेली खोली महिन्यात भरते.

थोडं विषयांतर. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या आळीतला एक मावसभाऊ कुवेतला ड्रायव्हर होता. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, व्हिसा संपला, आणि तो अडीच वर्षं लपूनछपून राहिला. २०१८ च्या माफी योजनेत परत आला. त्या काळात मी इथे हेच काम करत होतो आणि घरी मावशी विचारायची, आमच्या पोराला तिकडचे पोलीस मारत तर नसतील ना रे? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून उतरवले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. बेड्या घातल्या म्हणून ज्या ग्रुपवर संताप झाला, त्याच ग्रुपवर इथल्यांना कसं वागवावं याबद्दल काय लिहिलं जातं ते वाचून पाहा.

तर ताई, आता तुमच्यापुरतं. भाडेकरूची माहिती आजच्या आज ठाण्याला द्या, उशीर झाला हे लपवू नका, पोच आणि आवक क्रमांक घ्या. करार नोंदवून घ्या. बाईचे मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नका, फक्त झेरॉक्स. सेक्रेटरींना लेखी विचारा की त्यांच्याकडे नेमकी काय माहिती आहे. असेल तर त्यांनी ती ठाण्यात द्यावी, ग्रुपवर नाही. तिला कामावर ठेवायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण झालेल्या दिवसांचा पगार अडवू नका आणि रातोरात खोलीबाहेर काढू नका. तशी निघालेली माणसं परक्या वस्तीत गायब होतात. ती खरी भारतीय असली तर तिची पडताळणी बुडते, नसली तर पोलिसांचा धागा तुटतो. पोलीस आलेच तर सहकार्य करा आणि तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळू शकतो हे सांगा. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. माहिती भरताना मूळ पत्त्याच्या रकान्यात बहुतेक लोक नुसतं ‘मालदा, पश्चिम बंगाल’ लिहितात. त्याचा उपयोग शून्य. तिला समोर बसवा आणि गाव, ग्रामपंचायत, ब्लॉक, पोलीस ठाणं, वडिलांचं नाव, लग्नाआधीचं नाव, गाव नदीने नेलं असेल तर आधीचं गाव, सगळं तिच्या तोंडून ऐकून लिहा आणि तिला पुन्हा वाचून दाखवा. आमच्या एका लेखनिकाने ‘कालियाचक’ ऐकून ‘कल्याण चौक’ लिहिलं होतं. तीन आठवडे तो बिनतारी संदेश कल्याणमध्येच फिरत राहिला, आणि ज्याच्यासाठी पाठवला तो कोठडीत बसून होता.